दोन नावांची माणसे

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने ‘फँड्री’ हा चित्रपट दाखवला. त्यानंतर चर्चा झाली. चर्चेत एका विद्यार्थ्याने असे मत मांडले, की या चित्रपटातला जब्या आपल्याला मुळीच आवडला नाही, कारण त्याला आपल्या आईबापांची लाज वाटते. “ज्याला जन्मदात्यांची लाज वाटते तो नायक कसला?” असे तो म्हणाला आणि बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या. “यावर कुणाला काही बोलायचे आहे का?” असे सरांनी दोनदा विचारले. मला बोलायचे होते. पण मी तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसून राहिले. त्या दिवशी जे उत्तर मला देता आले नाही, तेच देण्याचा प्रयत्न मी प्रस्तुत लेखात करीत आहे.

साहित्यातील व चित्रपटांतील व्यक्तिरेखा आपल्याला मानवी स्वभावाचे दर्शन घडवतात, हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी परीक्षेत लिहिलेले आहे. मीही लिहिले आहे आणि त्याला गुणही मिळाले आहेत. साहित्य हा समाजाचा आरसा आहे, हे वाक्यही तसेच. परंतु आरशापुढे माणूस एकटा उभा राहतो. दार लावून, केस विंचरून, चेहरा नीट करून तो स्वतःकडे बघतो. अशा वेळी दिसतो तो चेहरा. स्वभाव दिसायला मात्र दुसरे माणूस लागते, असे मला वाटते.

आपल्या भाषेत ‘ओळख’ हा एक मोठा विलक्षण शब्द आहे. ‘तुझी ओळख काय?’ असे विचारले म्हणजे तू कोण, कुठला, असा अर्थ होतो. ‘त्यांची आमची ओळख आहे’ असे म्हटले म्हणजे परिचय आहे, असा अर्थ होतो. आणि रस्त्यात समोर येऊनही एखादा न बोलता निघून गेला, तर ‘त्याने ओळख दाखवली नाही’ असे आपण म्हणतो. म्हणजे ओळख ही माणसाच्या आत पुरून ठेवलेली वस्तू नव्हे. ती द्यावी लागते, दाखवावी लागते, ठेवावी लागते, आणि विसरताही येते. एकट्या माणसाला चेहरा असेल, नाव असेल; ओळख मात्र दोघांच्या मध्ये असते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. चांगला लेखक किंवा दिग्दर्शक आपल्या पात्राला दोन ओळखी देतो. पुष्कळदा तर नावेही दोन देतो. मग तो असा एक प्रसंग उभा करतो, की त्या दोन्ही ओळखी एकाच जागी, एकाच वेळी, कुणाच्या तरी देखत समोरासमोर येतात. त्या क्षणी ते पात्र काय करते, तो त्याचा स्वभाव. ओळख दुसरे देतात. तिचे आपण काय करतो ते आपले असते.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’पासूनच (२०१३) सुरुवात करते. या मुलाचे शाळेतले नाव जांबुवंत. गावात तो जब्या. आणि त्याच्यामागे धावत पोरे ज्या नावाने ओरडतात ते तिसरे नाव म्हणजे चित्रपटाचे शीर्षक. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्याचे वर्गातल्या शालूवर मन बसलेले आहे. तिच्यापुढे त्याला फक्त जांबुवंत म्हणून उभे राहायचे आहे. त्यासाठी तो काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो. ती चिमणी मिळाली म्हणजे शालू आपली होईल, अशी त्याची श्रद्धा. परंतु गावातली डुकरे धरायचे काम पाटलांकडून त्याच्या बापाच्या, कचरूच्या, गळ्यात येते. ते काम सगळ्या कुटुंबाने मिळून करायचे असते. आणि ते करायचे असते शाळेच्या आसपास, वर्गातली पोरे बघत असताना. बघणाऱ्यांत शालूही असते.

या भागात एक प्रसंग आहे. डुक्कर जवळजवळ हाताशी आलेले असते. इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. सभागृहात या प्रसंगाला हशा पिकला. मला हसू आले नाही. राष्ट्रगीताला उभे राहावे हे जांबुवंताला शाळेने शिकवलेले आहे, आणि डुक्कर धरावे हे जब्याला गावाने नेमून दिलेले आहे. एकच मुलगा दोन आज्ञांच्या मध्ये हात खाली सोडून उभा आहे, हे त्या ठिकाणी एकही वाक्य न बोलता दाखवले आहे.

आता जब्याला आईबापांची लाज वाटते का? मला तसे वाटत नाही. घरातल्या कामाला तो जातो. कुरकुरतो, पण जातो. तो लपतो ते बघणारे जमल्यावर. म्हणजे त्याला लाज बापाची वाटत नाही. त्या हसणाऱ्या डोळ्यांतून बाप जसा दिसतो त्याची वाटते. या दोन लाजांत अंतर आहे. पहिली माणसाच्या मनातून येते. दुसरी बाहेरून त्याच्यावर टाकलेली असते आणि ती त्याला आपली स्वतःचीच वाटू लागते, हे तिचे खरे विष. शेवटी जब्या दगड उचलतो. त्याचा शेवटचा दगड सरळ पडद्यातून आपल्या अंगावर येतो. हा दगड आपल्याला का? कारण तासभर आपणही बघणाऱ्यांतच बसलेलो होतो.

येथे मला स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. नाहीतर मी सभागृहात गप्प का बसले ते कळणार नाही.

मी सातारा जिल्ह्यातली. घरात मी चौथी मुलगी. आमच्या भागात अशी एक समजूत होती, की मुलीवर मुली होऊ लागल्या म्हणजे एकीचे नाव ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवावे, म्हणजे पुढचा मुलगा होतो. माझे ते नाव आजीने ठेवले. पुढे २०११ साली सातारा जिल्हा परिषदेने अशा नावांच्या मुली गावोगाव शोधून काढल्या आणि त्या ऑक्टोबर महिन्यात २८५ मुलींना नवी नावे दिली. त्यांत मी होते. तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला आठवते ती गर्दी, भाषणे आणि हातात दिलेला एक कागद. घरी आल्यावर आजीने तो कागद देव्हाऱ्याच्या मागे नीट ठेवला आणि म्हणाली, “नकुशे, हात धू, जेवायला बस.”

शाळेत माझे नवे नाव लागले. तेच महाविद्यालयाच्या हजेरीत आहे आणि या अंकाच्या अनुक्रमणिकेतही तेच छापलेले असेल. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. माझे जुने नाव येथे कुणालाही ठाऊक नव्हते.

प्रथम वर्षाला असताना एकदा दोन मैत्रिणींबरोबर मी एस.टी. स्टँडवर उभी होते. आजी डोळे दाखवायला तालुक्याला आली होती. तिने मला लांबून पाहिले आणि हाक मारली, “नकुशे! ए नकुशे!” मी फलाटावरचे वेळापत्रक वाचू लागले. तिने पुन्हा हाक मारली. मग मारली नाही. एका मैत्रिणीने विचारले, “ती म्हातारी कुणाला बोलावते आहे ग?” मी म्हटले, “काय की.” आमच्या गावच्या गाडीत आजी पुढे बसली, मी मागे बसले. उतरल्यावर ती एवढेच म्हणाली, “दिसतंय बाई मला अजून. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू कच्चा आहे.”

तिने मला नकोशी हे नाव दिले होते. त्या दिवशी मी तिला नकोशी केली. मग जब्याला नावे ठेवणाऱ्या मुलाला मी कोणत्या तोंडाने उत्तर देणार होते? आणि त्याच्याबरोबर टाळ्या तरी कशा वाजवणार होते?

जब्याच्या हातात शेवटी दगड आला. पण दोन नावांच्या भांडणावर दगड हा एकच मार्ग आहे असे नाही, हे मला दया पवार यांच्या ‘बलुतं’ने (१९७८) दाखवले. हे आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. परंतु आत्मकथनात लेखक स्वतःच पात्र होतो, आणि दया पवारांनी तर स्वतःची दोन पात्रे केली. एक दया पवार, म्हणजे १९७४ साली ‘कोंडवाडा’ हा संग्रह प्रसिद्ध झालेला, साहित्यिकांत वावरणारा, पांढरपेशा नोकरदार. दुसरा दगडू मारुती पवार, महारवाड्यात आणि मुंबईच्या कावाखान्यात वाढलेला. पुस्तकात दगडू बोलतो आणि दया पवार ऐकतो. दगडू, धोंडू, कचरू अशी नावे खेड्यापाड्यात पोर जगावे म्हणून नवसाने ठेवतात, हे आपल्याला माहीत आहे. पण तीच नावे एखाद्या समाजाच्या वाट्याला सरसकट आली, म्हणजे त्यांतून समाजाची त्या माणसांकडे बघायची नजर कळते.

ही रचना मला प्रथम गमतीची वाटली. दुसऱ्यांदा वाचताना मात्र वाटले, की एका नावाने हे पुस्तक लिहिताच आले नसते. दया पवारांना जे सांगताना संकोच वाटला असता, ते दगडू सांगू शकतो, कारण दगडूला राखायची प्रतिष्ठा नाही. आणि दगडूला जे लिहिता आले नसते, ते दया पवार लिहू शकतात, कारण त्यांच्या हातात लेखणी आली आहे. एकाने सोसले, दुसऱ्याने मांडले. एकाच माणसाने आपल्या जुन्या नावाला समोर बसवून ‘बोल, मी ऐकतो’ असे म्हणणे, याला मी मोठे धैर्य म्हणेन. स्टँडवर मला एवढेही जमले नव्हते.

दोन नावांचा प्रश्न स्त्रीच्या बाबतीत आणखी अवघड होतो. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) हा हिंदी चित्रपट अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला आहे. हंसा वाडकर यांचे मूळ नाव रतन साळगावकर. चित्रपटात त्यांच्यावरून घडवलेली नायिका उषा; तिचे पडद्यावरचे नाव उर्वशी. ही भूमिका स्मिता पाटील यांनी केली आहे. म्हणजे एका बाईच्या आयुष्याला रतन, हंसा, उषा, उर्वशी अशी चार नावे झाली. तिला आपले घर हवे असते. नवरा केशव तिच्या कमाईवर जगतो आणि तिच्यावरच संशय घेतो. पुढे विनायक काळे नावाच्या श्रीमंत माणसाच्या वाड्यात ती गृहिणी म्हणून राहू लागते. डोक्यावर पदर घेते, स्वयंपाकघर सांभाळते, आणि तिला वाटते की आपल्याला हवे होते ते मिळाले. मग एके दिवशी घरातल्या मुलाला घेऊन जत्रेला जायचे ठरवते, तेव्हा तिला कळते की या घरातून बाहेर पडायची परवानगीच नाही.

‘भूमिका’ या शब्दालाही मराठीत दोन अर्थ आहेत. नट भूमिका करतो, आणि विचारी माणूस भूमिका घेतो. उषाला जन्मभर भूमिका करायला मिळाल्या. पडद्यावर आणि घरातही. तिचा झगडा आहे तो भूमिका घेण्यासाठी. चित्रपटाच्या शेवटी ती कुणाच्याच घरी जात नाही, हॉटेलच्या खोलीत एकटी राहते. हा शेवट काही जणांना निराशेचा वाटतो. मला त्यात निराशा आणि सुटका दोन्ही दिसतात, आणि दोन्ही एकदम दिसतात म्हणूनच तो खरा वाटतो.

काही जण म्हणतील, की ही सारी उदाहरणे सोसणाऱ्यांची झाली; मानवी स्वभाव काही एवढाच नाही. हे खरे आहे. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील (१९७०) गणपतराव बेलवलकरांना तर नाव मिळाले ते लोकांच्या प्रेमातून. रंगभूमीवर राजे झालेला हा माणूस निवृत्त होतो, सारे काही मुलांना वाटून टाकतो, आणि ज्या घरात जातो तिथे तो फक्त एक अडचणीचा म्हातारा ठरतो. आपण नेहमी मुलांना दोष देऊन मोकळे होतो. पण नाटककाराने आप्पांनाही साधुसंत केलेले नाही. ते हट्टी आहेत, तोंडाळ आहेत, आणि घरातली माणसे म्हणजे आपले प्रेक्षक नव्हेत हे त्यांना शेवटपर्यंत नीट उमगत नाही. त्यांच्या कीर्तीशी काही देणेघेणे नसलेला, बूटपॉलिश करणारा राजा नावाचा पोरगा त्यांना आसरा देतो. बिरुद गेल्यावर उरलेल्या माणसाची ओळख ठेवणारा तोच.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकरची गोष्ट आणखी वेगळी. तो खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहात बापाचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो आणि सांगवीला परत जातो. सगळ्या गोष्टींची टिंगल करणारा हा मुलगा. पण त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तेव्हा त्याच्या बोलण्यातली टिंगल कोसळते आणि आतला माणूस उघडा पडतो. ही पाने वाचताना मी रडले. तरीही एक प्रामाणिक तक्रार नोंदवते. पांडुरंगला नापास होऊन परत जायला घर होते, शेत होते. मला नापास होणे परवडणारे नाही. माझ्या परीक्षेच्या फीमध्ये आजीच्या दोन शेळ्या गेल्या आहेत. त्यामुळे आयुष्याच्या निरर्थकतेविषयी त्याचे बोलणे वाचताना मी दोन वेळा पुस्तक मिटले होते. पात्राशी आपले पटलेच पाहिजे असे नाही; त्याच्याशी भांडतानाही आपण कुठे उभे आहोत ते कळते.

शेवटी एक आक्षेप राहतो. ही पात्रे खोटी, लेखकाच्या मनातली. त्यांच्यावरून खऱ्या माणसाचा स्वभाव कसा कळणार? माझा अनुभव उलटा आहे. खऱ्या माणसाचा आपल्याला धाक असतो, राग असतो, त्याच्याशी आपला हिशेब असतो. म्हणून त्याच्याकडे नीट बघवत नाही. जब्याशी माझा काही हिशेब नव्हता. त्यामुळे त्याला लपताना मी नीट पाहू शकले, आणि त्याला पाहिल्यावर मग स्वतःला. पुढे तर आजीलाही.

आजी माझ्या लेखी एकच होती: मला नकोशी म्हणणारी. पण तिला मी आता पुन्हा बघू लागले. ज्या बाईने चौथी नात झाली म्हणून ते नाव ठेवले, तिनेच नातीच्या फीसाठी शेळ्या विकल्या. यातली खरी आजी कोणती? दोन्ही, असेच म्हणावे लागेल. एखाद्या कादंबरीत हे वाचले असते, तर मी उत्तरपत्रिकेत ‘व्यक्तिरेखेतील अंतर्विरोध’ असे लिहून पुढे गेले असते. चुलीपाशी बसलेल्या माणसाविषयी तसे लिहून पुढे जाता येत नाही. आणि तिच्या तोंडी ते नाव आता शिवी राहिलेले नाही, हेही मला कळायला उशीरच झाला. ठेवताना ते नकार होता. हाक मारता मारता तिने त्यात माया भरली.

मग एके दिवशी माझ्या लक्षात आले, की आमच्या घरात दोन नावांची मी एकटीच नाही. लग्नात आमच्याकडे मुलीचे नाव बदलत. मी आजीला विचारले, “आजी, तुझं माहेरचं नाव काय?” ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तिने नाव सांगितले, पण जरा आठवून सांगितले. ते मी येथे लिहीत नाही. ते तिचे आहे. त्या नावाने तिला ओळखणारी सगळी माणसे आता गेली. साठ वर्षांत त्या नावाने तिला कुणी बोलावलेले नाही.

परवा रविवारी ती अंगणात शेंगा निवडत बसली होती. मी दारातून तिला त्या नावाने हाक मारली. तिने मान वर केली, इकडेतिकडे पाहिले. मग तिने लगेच ‘ओ’ दिली.